मेला की पाळी दुसऱ्याची

पटत नसेल तर इथंच थांबा. पण शहाणपण शिकवायला येऊ नका.

हे घडलंय. प्रसेनजीत माझा सख्खा मावसभाऊ. आमच्या घरात भूतखेत, देवऋषी, उतारा काही मानत नाहीत. आजोबांनी छप्पन सालीच ते सगळं नदीत सोडलं.

तरीही...

२००६ साल. ऑगस्टातला मंगळवार, दुपारचे तीन. कोल्हापूर, शाहूपुरीतल्या एका तळघरातलं आकारामभाऊंचं गेमचं दुकान.

तिथला एक गेम म्हणजे नुसता छळ होता. धुक्यात बुडालेलं गाव, हातात कंदील, कमरेला कोयता आणि पावलापावलावर मरण. काही महिने आधी, पहिल्या दिवशी, प्रसेनजीत तासाभरात एकोणीस वेळा मेला. रिमोट आपटून म्हणाला, "असला भिकारडा गेम कोण खेळणार?"

शेजारी त्याच्याच वर्गातला विश्वजित होता. तो हसला.

"पळतोस म्हणून मरतोस, लेका. थांब. कंदील इझव. ऐक."

प्रसेनजीत थांबला. कंदील विझवला...

धुक्यात डावीकडं कुणीतरी पाय ओढत चाललं होतं.

त्या दिवसापासून त्याला त्या गेमचं वेड लागलं. प्रत्येक मरण काहीतरी शिकवून जायचं. कॉलेजनं तेवढं कधी शिकवलं नाही.

दोघांत रिमोट एकच, मेलं की हातात थरथरायचा. नियम विश्वजितचा. मेला की पाळी दुसऱ्याची. मेलेल्यानं रिमोट शेजारच्या खुर्चीवर ठेवायचा, रडगाणं गायचं नाही.

विश्वजितला एक खोड होती. पुढं पाऊल टाकण्याआधी कंदिलाचं बटण तीनदा दाबायचा. खट, खट, खट. काउंटरवरनं आकारामभाऊ रोज ओरडायचे, "विश्वा, बटन मोडशील की रं!"

गावाच्या शेवटच्या वेशीपाशी दोघं दोन महिने अडले. ती वेस मिळूनच उघडायची, असं ठरलं होतं.

जुलैत विश्वजित गारगोटी रस्त्यावर गेला. मोटारसायकल, खड्डा, समोरनं ट्रक. मागच्या सीटवर प्रसेनजीत असायचा होता. ऐनवेळी त्याची परीक्षा निघाली.

प्रसेनजीत मातीला गेला, तर विश्वजितच्या घरच्यांनी त्याला लांबच उभं केलं. पोराचा दोस्त कुठल्या गल्लीतला, हे त्यांना त्या दिवशीही आठवलं.

निरोप द्यायला प्रसेनजीतकडं एकच जागा उरली. ती वेस.

म्हणून त्या मंगळवारी तो गेला. दुकानात तो आणि आकारामभाऊ. शेजारची खुर्ची रिकामी. वेशीपाशी पोचला. मागनं काहीतरी आलं. मेला.

आणि सवयीनं... त्यानं रिमोट शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

ठेवल्यावर लक्षात आलं.

उचलायला हात पुढं केला... तोच पडद्यावरचा माणूस उठला.

चालायला लागला.

वेशीपुढं थांबला. कंदील विझला...

खट.

खट.

खट.

"विश्वा, बटन मोड..." आकारामभाऊ ओरडले, आणि मधेच गप्प झाले.

वेस उघडली.

आत धुकं नव्हतं. डांबरी रस्ता होता. मधोमध खड्डा.

समोरनं दोन दिवे आले. माणूस पळाला नाही. थांबला. ऐकत उभा राहिला...

आणि मेला.

तेवढ्यात लाईट गेली. भारनियमन, रोजचंच. टीव्ही काळा झाला. पंखा थांबला.

रिमोट मात्र थरथरत होता...

वीज नसताना. अंधारात. थरथरत, सरकत तो खुर्चीच्या कडेला आला. प्रसेनजीतच्या बाजूच्या.

तिथं थांबला.

प्रसेनजीतनं तो उचलला नाही. जिना चढून पळाला. मागनं आकारामभाऊ.

दुकान महिन्याभरात बंद झालं. प्रसेनजीतला नोकरी लागली, पोरगी झाली. भूत तो आजही मानत नाही. पण गारगोटी रस्त्यानं जात नाही. राधानगरीवरनं वळसा घालतो.

एकदा मी छेडलं, "भितोस व्हय रं?"

त्यानं हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

मग म्हणाला, "भ्या कशाचं? नियम हाय. विश्वा खेळून गेला... आता पाळी माझी हाय."