छताला टेकलेलं पाणी

ज्यांना खरं वाटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझी काही हरकत नाही. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. घडलं तेव्हा आम्ही पाच मोठी माणसं तिथे होतो. पाचही जण आज धडधाकट आहोत, कुणालाही विचारा.

आणि हे रात्रीबेरात्री घडलेलं नाही.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यात, भर दिवसा घडलं. कल्याण पश्चिमेला, वालधुनी नदीपासून चालत जाता येईल अशा एका जुन्या बिल्डिंगमध्ये.

बिल्डिंगचं नाव सांगत नाही. तिथे अजून माणसं राहतात.

मी वल्लरी. डोंबिवलीला राहते. ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत आमचं ऑफिस आहे. आम्ही पुराचे नकाशे बनवतो. ड्रोन आणि सॅटेलाइटवरून जमिनीच्या चढउताराची माहिती मिळते. ती कॉम्प्युटरमध्ये भरायची, त्यावर हवा तेवढा पाऊस पाडायचा आणि पाणी कुठे जाऊन साचतं ते बघायचं. थोडं साचलं तर पिवळा रंग. जास्त साचलं तर केशरी. जिवावर बेतेल इतकं साचलं तर लाल.

तेव्हा आमच्याकडे उल्हास नदीच्या खोऱ्याचं काम होतं. वालधुनी त्यातच येते.

माझे प्रभाकरकाका आणि नीलाकाकू त्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या बरोबर खालचं, तळमजल्याचं घरसुद्धा त्यांचंच. काकू तिथे बरीच वर्षं मुलांचे क्लास घ्यायची. गुडघे दुखायला लागल्यावर क्लास बंद झाले आणि घर रिकामं पडलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात.

त्या घरात कुणीही मेलेलं नाही.

सव्वीस जुलैच्या पुरात तिथे छातीपर्यंत पाणी आलेलं. बाकं, फळा, पुस्तकं, सगळं गेलं. पण माणूस एकही गेला नाही. पाणी चढायच्या आत सगळे वर गेलेले.

माझा धाकटा भाऊ अनिमेष, त्याची बायको सान्वी आणि त्यांची वर्षाची उर्वी दिव्याला भाड्याच्या घरात राहायचे. तिथे नळाला पाणी नाही, टँकरच्या मागे धावायचं आणि बाळाला कडेवर घेऊन चार जिने चढायचे. काकांनी आपणहून सांगितलं की खालचं घर रिकामंच आहे, या राहायला. अनिमेषने रंग काढायला घेतला, नवीन पंखे बसवले. जून लागायच्या आत सामान हलवायचं ठरलं.

मी नकाशा बघितला. बिल्डिंग लाल रंगात होती.

मी अनिमेषला स्पष्ट सांगितलं की वाईटातला वाईट पाऊस धरला तर त्या घरात चार-साडेचार फूट पाणी येऊ शकतं. तो म्हणाला, येईना का, पाऊस वाढला की आम्ही वर काकांकडे जाऊ. त्याचं काही चूक नव्हतं. पाणी एका मिनिटात चढत नाही. वर आपलंच घर आहे. मी पण फार ताणून धरलं नाही.

तरी एकदा जागेवर जाऊन जोत्याची उंची मोजावी म्हणून एका शनिवारी मी कल्याणला गेलेले. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. मोजमाप झालं, काकूकडे जेवले, काका आत आडवे झाले. मी आणि काकू हॉलमध्ये बसलेलो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. काकू खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली.

गुडघे दुखणारी बाई, मांडी घालून, अवघडून. मी विचारलं तर म्हणाली, असंच गं.

थोड्या वेळाने...

टक्.

खालून आला आवाज. आमच्या पायांखालच्या लादीच्या खालून.

मग बराच वेळ काही नाही. मग परत... टक्. या वेळी थोडा बाजूला, खिडकीच्या दिशेने. मग सोफ्याखाली. जसं काहीतरी मोठं, जड, खालच्या छताला लागत होतं, बाजूला सरकत होतं आणि परत लागत होतं.

मी म्हटलं, पेंटर काम करतोय वाटतं.

काकूने मान हलवली. "महिपत दोन दिवस आलेलाच नाही. गावाला गेलाय." मग आवाज बारीक करून म्हणाली, "तुझ्या काकांना ऐकू येत नाही. मला रोज येतं."

मी किल्ली घेतली आणि खाली गेले. घाबरले नव्हते. उंदीर असेल, पाइप असेल, असंच काहीतरी डोक्यात होतं.

दार उघडलं. आत नव्या रंगाचा वास. जमिनीवर भिंती घासल्याची पांढरी भुकटी पसरलेली, आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. सामान म्हणाल तर काहीच नाही. एक स्टूलसुद्धा नाही. सगळं कोरडं ठणठणीत.

मी छताकडे बघितलं...

पंखा.

आठवड्यापूर्वी बसवलेला नवा पंखा. त्याची तिन्ही पाती वरच्या बाजूला वाकलेली होती. छताला जाऊन टेकलेली.

हे दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर कुणाचा तरी खोडसाळपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण असे पंखे मी बघितलेत. कामासाठी आम्ही पूर येऊन गेलेल्या घरांत जातो. ज्या घरात पाणी पार वरपर्यंत भरतं तिथे पलंग, दिवाण, लाकडी कपाटं तरंगत वर जातात आणि पंख्याला खालून रेटतात. पाती बरोबर अशीच वळतात, उमलल्यासारखी.

पण त्या घरात पाणी छातीच्या वर कधीच आलेलं नाही. आणि तरंगायला तिथे काही नव्हतंच.

महिपतला फोन लावला. तो गावी होता, रायगडात. देवाशप्पथ सांगितलं त्याने, मॅडम, निघालो तेव्हा पंखा सरळ होता, मीच पुसलेला. त्यानंतर तो कामावर परत आला नाही. राहिलेले पैसेही न्यायला आला नाही.

सोमवारी ऑफिसात मी एक वेडेपणा केला. त्या घराच्या छताला पाणी लागायचं असेल तर किती पूर यावा लागेल, ते कॉम्प्युटरला विचारलं.

पाऊस वाढवत गेले. नदी वाढवत गेले. भरतीचं पाणी खाडीतून आत ढकललं. तरी छत लांबच. शेवटी नुसतीच पातळी वर उचलली...

स्क्रीनवर लाल रंग पसरत गेला. स्टेशन गेलं. बाजार गेला. खाडीपलीकडची गावं गेली. ठाकुर्लीचे रूळ गेले. पाणी छताला टेकलं तेव्हा कल्याण म्हणून दाखवायला स्क्रीनवर फार काही उरलेलंच नव्हतं.

बाजूला बसणारा सौमित्र बघत होता. तो म्हणाला, अगं असा पूर कुठल्याच हिशेबात बसत नाही, कशाला काढतेस? मी फाइल बंद केली. सेव्ह केली नाही.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. अनिमेषला पंख्याबद्दल सांगितलं तर तो पेंटरवर चिडला. आवाजाबद्दल सांगितलं तर हसला. म्हणाला, ताई, तू दिवसभर पूरच बघतेस, दुसरं काय सुचणार तुला.

रविवारी सगळे कल्याणला जमलो. अनिमेष पडद्याचे रॉड लावायला खाली गेला. आम्ही वर. काका पेपर वाचत होते. काकू खुर्चीत, पाय वर. सान्वी भाजी निवडत होती आणि उर्वी जमिनीवर खेळत होती. सकाळचे अकरा वाजले असतील, खिडकीतून छान ऊन येत होतं.

उर्वी लादीवर तळहात आपटत होती. मुलं आपटतात तशी. थप, थप. आणि आपल्याशीच हसत होती.

मग तिने हात थांबवला...

थप. थप.

आवाज थांबला नव्हता.

सान्वीच्या हातातली जुडी तशीच राहिली. तिने माझ्याकडे बघितलं. उर्वी खाली लादीकडे बघत होती. तिने परत हात आपटला. खालून लगेच उत्तर आलं. बरोबर तिच्या हाताखाली.

त्या शनिवारी ऐकलेला आवाज लाकडाचा होता. हा लाकडाचा नव्हता.

हा उघड्या तळहाताचा होता.

सान्वीने उर्वीला झडप घालून उचललं. उर्वी रडायला लागली. आणि खालचा आवाज वाढला. थप थप थप थप... एका जागी नाही, सगळीकडे. हॉलभर. एक हात नव्हता तो. खूप हात होते.

काकांनी पेपर खाली ठेवला. त्यांना ऐकू येत नाही म्हणतात, पण त्यांनी पाय उचलले.

मी अनिमेषला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला त्याने. आवाज अगदी नेहमीचा.

"ताई, तुम्ही वर काय लावलंय? कशाला आपटताय एवढं?"

मी म्हटलं, आम्ही आपटत नाहीये. तू आपटतोयस का?

"मी रॉड लावतोय गं. वरून येतोय आवाज. सगळे मिळून पाय आपटल्यासारखा."

सान्वीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अनिमेष, सगळं टाक आणि वर ये. आत्ता."

तो वर आला. जिन्यात त्याची पावलं ऐकू आली, दारात दिसला, आणि त्याच क्षणी सगळं शांत झालं.

कपडे कोरडे होते त्याचे. हातात स्क्रूड्रायव्हर. पण तो चेहरा वाकडा करून डोकं एका बाजूला झटकत होता. मी विचारलं काय झालं.

म्हणाला, कानात दडे बसलेत. पोहताना खूप खोल गेल्यावर बसतात ना, तसे.

ते दडे सुटायला बरेच दिवस लागले. डॉक्टरने कान तपासले, काहीच सापडलं नाही.

त्याच दिवशी सान्वीने सांगून टाकलं की ती तिथे राहणार नाही. त्यापेक्षा दिव्याचा टँकर परवडला. अनिमेषने एका शब्दानेही वाद घातला नाही. तो परत त्या घरात गेला नाही, रॉड अर्धवटच राहिले.

काका मात्र हटून बसले. उभं आयुष्य याच घरात गेलं, असल्या आवाजाला भिऊन जायचं का, असं त्यांचं म्हणणं. पण काकूची झोप पार गेली. ती खाली पाय टेकवेना. न्हाणीघरात जायचं तरी खुर्चीचा आधार घेत, घाईघाईने. शेवटी जूनमध्ये अनिमेषने ठाण्याला घोडबंदर रोडकडे, डोंगराच्या बाजूला त्यांना भाड्याने घर बघून दिलं. वरचं घर कुलूप लावून बंद केलं.

पावसाळा आला. मी रोज त्या बिल्डिंगचा विचार करायचे.

आणि काय झालं? एकदा कंपाउंडमध्ये गुडघाभर पाणी भरलं, खालच्या घरात वीतभर शिरलं, दुसऱ्या दिवशी ओसरलं. बास. इतकंच.

आमचा नकाशाही तयार होऊन गेला. त्या बिल्डिंगपुढे लिहिलंय की पाण्याची जास्तीत जास्त खोली साडेचार फूट. ते बरोबरच आहे. माझ्याकडे जी माहिती आहे त्यातून दुसरं काही निघत नाही. माझ्या मनाला मी हेच समजावत राहिले आणि हळूहळू ते सगळं मागे पडायला लागलं.

मागच्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

शीलाताई म्हणून बाई होत्या. त्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात, काकांच्या बरोबर डोक्यावर. नंबर त्यांनी काकूकडून घेतलेला. आधी इकडचं तिकडचं बोलल्या. काका बरे आहेत का, परत येणार आहेत का. मग विचारलं की घर कुणाला भाड्याने दिलंय का.

मी म्हटलं, नाही हो. वर्ष झालं, कुलूपच आहे.

"कुलूपच?" त्यांनी परत विचारलं.

मग सांगायला लागल्या. आठ-दहा दिवसांपासून दुपारच्या वेळी खालून आवाज येतो. आधी वाटलं, तुमच्याकडे सुतारकाम चाललंय. काहीतरी जड त्यांच्या लादीला खालून लागतं आणि सरकतं. त्यांचे मिस्टर खाली जाऊन दाराला कान लावून आले. आत अगदी शांत.

मी विचारलं, फक्त लाकडासारखा आवाज येतो का? की अजून कसला?

"अजून तरी तेवढाच," त्या म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं की थोडे दिवस दुसरीकडे कुठेतरी राहा. नातेवाइकांकडे जा, गावाला जा. कारण विचारलं तर सांगता येईना. पुराचा धोका आहे, एवढंच कसंबसं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

त्या हसल्या. चांगल्या बाई आहेत, मला वाईट वाटू नये म्हणून हसल्या. म्हणाल्या, "अगं वल्लरी, तूच तर नकाशे बनवतेस ना? मग तूच सांग. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमच्यापर्यंत कुठलं पाणी येतंय?"



त्या अजून तिथेच राहतात.