भोंग्याचा बसलेला घसा

लढाऊ जहाजाच्या मुख्य इंजिनाचं बेअरिंग जळलं आणि तेलवाल्याची नोकरी जायची वेळ आली.

"बाई, संध्याकाळपर्यंत दोषीचं नाव सांगा," कप्तान म्हणाले. "नाहीतर तेलवाला घरी."

नियंत्रण कक्षात शोध घेणाऱ्या बाईंबरोबर मास्तर होते. इथलं काम सगळ्यांना त्यांनीच शिकवलेलं. भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली पाटी होती: 'भोंग्यावर चिडू नका, बिघाड शोधा.'

मास्तरांच्या चष्म्याची तुटकी काडी चिकटपट्टीने बांधलेली होती. पट्टीचं टोक दुमडलेलं. सोडवताना नखाने खरवडत बसायला नको.

"तेल तू बघतोस, मग दोष कुणाचा? लाज वाटत नाही?" मास्तर चारचौघांत तेलवाल्यावर कडाडले.

तेलवाल्याने मान खाली घातली. "तेलाची गाळणी एकदम तुंबली, मास्तर. वरून फोन आला असता, तर दोन मिनिटांत दुसरी चालू केली असती."

फोन करायचा तो पडद्यावर लक्ष ठेवणाऱ्याने. बाई त्याच्याकडे वळल्या. "तापमान चढल्याची नोंद दहा वाजून दहाची. तुम्ही पाहिलंत दहा बावीसला!"

"पाठमोरा बसून नोंदवही लिहीत होतो. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही हो! त्याच्याच भरवशावर तर पाठ फिरवतो."

"वाजतो की," वायरमन म्हणाला. "जरा घसा बसलाय, एवढंच." त्याने चाचणीचं बटण दाबून धरलं. डास गुणगुणावा तसा आवाज आला.

"छे! काल नव्या मंडळींना इथेच शिकवलं, तेव्हा कानठळ्या बसत होत्या," मास्तर म्हणाले. "माझा शब्द कुणाला ऐकू जाईना."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्या वाकल्या आणि टेबलाखाली, भोंग्याच्या तोंडावर, बोटं फिरवली.

"भोंगा बिघडलेला नाही, त्याचं तोंड चिकटपट्टीने दाबलंय," त्या सावकाश म्हणाल्या. "वाईट हेतूने दाबणाऱ्याने सकाळपासून पुरावा दहा वेळा काढला असता. म्हणजे दाबणारा विसरलाय. आवाज नको कुणाला होता? ज्याला बोलायचं होतं त्याला. आणि पट्टी नंतर काढायचीच होती, म्हणून टोक दुमडलंय."

त्यांनी ते टोक धरून पट्टी ओढली. भोंगा असा किंचाळला की सगळे दचकले. वायरमनने घाईघाईने बटण सोडलं.

"मास्तर, तुमचा चष्मा द्या बघू."

मास्तरांचा हात काडीकडे गेला आणि तिथेच थिजला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"कप्तानसाहेब, माझं नाव लिहा," ते कसेबसे म्हणाले. मग तेलवाल्यासमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "चारचौघांत बोललो, चारचौघांतच माफी मागतो. आता तू ओरड माझ्यावर."

तेलवाल्याने पाटीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"नाही मास्तर," तो हळूच म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत ना, चिडायचं नाही म्हणून."

आणि तो गाळणी धुवायला खाली उतरला.

मास्तरांना वाटलं, ओरडला असता तर सोपं गेलं असतं.