उलटा धावणारा घोडा

"माझ्या दारावरचा घोडा उलटा धावतोय," झुलाल गिरासे ऊर्फ नाना म्हणाले.

धुळ्यात खासगी तपास करणाऱ्या दिपमालाने मान डोलावली. तिचा मदतनीस हितेंद्र मात्र हसू दाबत होता.

देवपुरातल्या घराच्या दारावर गिरासे कुळाचं पितळी चिन्ह होतं. वर सूर्य, खाली घोडा. घोडा डावीकडे, पांझरा नदीच्या दिशेने धावायचा. नाना दवाखान्यातून महिन्याने घरी आले तर तो उजवीकडे धावत होता. कुणीतरी नक्कल लावून अस्सल चिन्ह नेलं होतं.

"भूपेंद्रच," नाना म्हणाले. "त्याला ते पुण्याच्या फ्लॅटवर लावायचं होतं. मी नाही म्हटलं. आता मी पोराशी बोलत नाही."

भूपेंद्रने मोबाइलमधला जुना फोटो दाखवला. त्यात घोडा डावीकडे होता. "मी नाही नेलं, ताई. नाना माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत."

पाचोऱ्याहून आलेली नानांची बहीण रूपाअक्का स्वयंपाकघरात कणीक मळत होती. नाना आजारी असताना तिनेच घर सांभाळलं होतं. बाजूला काढून ठेवलेल्या अंगठीवर सूर्य आणि घोडा कोरलेला होता.

"आमच्या बाबांची. कागदावर लाखेचा शिक्का उठवायचे ते," ती म्हणाली. "लग्नात आईने गुपचूप दिली."

दिपमालाने अंगठी निरखली आणि सगळ्यांना बोलावलं.

"नक्कल भूपेंद्रने केली असती, तर फोटोवरून केली असती. घोडा सरळ आला असता," हितेंद्र म्हणाला. "पण मग उलटा कसा झाला?"

दिपमालाने अंगठी कणकेत दाबली. कणकेत घोडा डावीकडे धावत होता, अंगठीवर उजवीकडे.

"शिक्का उलटा कोरतात, म्हणजे ठसा सुलटा उठतो. तांबटाने ठसा न घेता थेट अंगठीवरून नक्कल केली. आणि ही अंगठी फक्त रूपाअक्कांकडे आहे."

रूपाअक्काने पदराला हात पुसले.

"लहानपणी रोज मीच चिंच लावून घासायचे ते दारावरचं चिन्ह. लग्न लागलं आणि बाबा म्हणाले, आता तुझं कुळ वेगळं. मी बी ह्याच घरनी शे ना, भाऊ? ह्याच घरची ना मी?"

नाना भूपेंद्रकडे वळले. "मी तुझ्यावर उगाच आळ घेतला. गाडी काढ, पाचोऱ्याला जाऊ."

पाचोऱ्यात रूपाअक्काच्या देवघराशेजारी चिन्ह लखलखत होतं. नानांनी ते उतरवू दिलं नाही. इतक्या वर्षांत ते बहिणीकडे कधी मुक्कामी राहिले नव्हते. त्या दिवशी त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "भूपेंद्र, तू जा. मी चार दिवस इथेच आहे."