जिन्यावरची धूळ

टुण्!

दुपारच्या सामसुमीत जिन्यावरून आवाज आला आणि मैथिलीचा हात रेवतीच्या केसांतच थांबला. लेक आत्ता कुठे झोपली होती. ‘गोगलगाय अडकली वाटतं,’ असं पुटपुटत ती पाय न वाजवता जिन्याशी आली.

त्या काळी घराघरांतल्या फरशा धूळ धरतच नसत. राहिला होता तो जिना. पायरीचे कोपरे, कठड्याचा पाय, वळणावरची तिकोनी पायरी. भल्याभल्या व्हॅक्यूम क्लीनरांनी तिथे हात टेकले होते. म्हणून जिन्यावर चालणारं प्रत्येक नवं यंत्र आधी मैथिलीसारख्या परीक्षकांच्या घरी येई. डोळे बारीक करून, दोन्ही हात पुढे धरून, आता पडेल की मग पडेल अशी ती त्याच्याकडे बघत राही. तिने नापास केलेलं यंत्र बाजारात जात नसे.

नियम होता कंपनीने दिलेली धूळ पसरायची: बारीक वाळू, पीठ, कापसाचे धागे. मैथिलीला तो पोरखेळ वाटे. “खऱ्या घरात अशी चाळलेली धूळ असते होय?” म्हणत ती आठवडाभर जिना झाडायचीच नाही आणि घरचीच धूळ यंत्रापुढे ठेवायची.

गोगलगाय (नव्या यंत्राला हे नाव रेवतीने दिलेलं) अडकली नव्हती. पायरीला पोट चिकटवून ती नुसता लाल दिवा मिचकावत होती. तेवढ्यात फोन थरथरला. पडद्यावर यंत्र बनवणारे डॉ. ओगले.

“मैथिलीताई, आमची धूळ वापरली नाहीत ना?”

“नाही. का हो? कोपरे लख्ख झालेत. चढतंय तर मांजरासारखं.”

“त्यात एक नवी सोय आहे. धूलिवाचन. परीक्षकांना अजून सांगायची नव्हती.”

“आता सांगा. सोपं करून, आणि पोरगी उठायच्या आत.”

“आपल्या कातडीचे कण सतत झडतात. जिन्यावरच्या धुळीत ते असतातच. कणाकणात माणसाची जनुकं, म्हणजे शरीर कसं घडणार, कुठे बिघडू शकेल, याचा आराखडा. पाय पडतात पायरीच्या मधोमध, कण सरकतात कोपऱ्यात, आणि तिथे झाडू पोचत नाही. यंत्र धूळ ओढता ओढता ती वाचतं. आजार कित्येक वर्षं आधी कळतो.”

“न विचारता?”

“धुळीला कोण विचारतं, ताई?”

“मी विचारते! उद्या मुलगी बघायला आलेली माणसं पत्रिका मागणार नाहीत. चपला काढता काढता चिमूटभर धूळ उचलतील. शाळावाले उचलतील, नोकरी देणारे उचलतील.”

“आणि वेळेवर कळल्यामुळे जी वाचतील ती?”

“त्यांनी स्वतःहून जाऊन विचारावं. झाडूने सांगू नये.”

“दिवा का लागलाय ते तरी ऐका. तुमचे कण ठीक आहेत, मिस्टरांचेही. पण दोघांशी निम्मेनिम्मे जुळणारे जे आहेत, त्यांत एक खूण...”

“बस! एवढंच सांगा. त्यावर उपाय आहे?”

ओगल्यांनी चष्मा काढला. “आज नाही.”

“मग पुसून टाका. आणि लिहून घ्या, यंत्र नापास.”

“अहो, पण सगळ्या कसोट्यांत पास झालंय! कारण काय देऊ?”

“परीक्षक स्वतःच्या घरात ठेवणार नाही ते यंत्र नापास, आणि मी हे ठेवणार नाही. नियम तुमचाच आहे, एवढं कारण पुरतं.”

तिने गोगलगायीचं बटण बंद केलं, पोटातला डबा काढला आणि मागच्या दारी जाऊन सगळी धूळ वाऱ्यावर उधळून दिली. वाचा म्हणावं आता.

परत आली तर रेवती उठून जिना चढत होती. नेहमीसारखी, कठडा सोडून, उड्या मारत. मैथिली खालीच उभी राहिली.

“आई, गोगलगाय पास?”

“नापास.”

रेवती खिदळली, वळणापर्यंत गेली आणि थबकली. मान वळवून तिने आईकडे पाहिलं. आईच्या बारीक झालेल्या डोळ्यांकडे, पुढे आलेल्या दोन्ही हातांकडे.

“मग आता माझ्याकडे का तसं बघतेयस?”