खाडीपलीकडचे शंख

"अरे, वल्हं मार ना! मध्येच काय थांबलास?" नोल्विया ओरडली.

"शूऽऽ! ऐक!" ओस्मानने वल्हं हवेत तसंच धरलं होतं. "आला बघ. आला!"

होडी खाडीच्या मधोमध डुलत राहिली. दुपार कलली होती, समुद्रावरून वारा सुटला होता, आणि पलीकडच्या ओसाड किनाऱ्यावरून तो आवाज आला. हूऽऽऽ... हूऽऽऽ... एकच नव्हे, लहानमोठे कितीतरी आवाज एकात एक मिसळलेले. घरात सगळेच आजारी असावेत आणि दाराशी बसून कण्हत असावेत, तसे.

आठ वर्षांच्या दुनियाने नोल्वियाचा, आपल्या मोठ्या बहिणीचा, फ्रॉक घट्ट पकडला. "ताई, घरी जाऊ या. मला नकोत इकाको!"

नाताळची सुट्टी लागली की खाडीपलीकडे जाऊन इकाकोची फळं आणायची आणि जीभ जांभळी होईपर्यंत खायची, हा या तिघांचा दरवर्षीचा बेत. पण यंदा पुंता ब्लांका गावातलं कोणीच तिकडे फिरकत नव्हतं. कोळ्यांनी जाळी अलीकडे आणली होती. पारावर, दुकानात, जिथे तिथे एकच बोलणं, "ती जागा वाईट आहे. विकून टाका एकदाची!"

विकायचं ठरतच आलं होतं. नारळीची मेलेली झाडं, समुद्रद्राक्षांच्या झुडपांचं रान आणि दोन मैल पांढरी वाळू, सगळं एका बड्या हॉटेल कंपनीला. रविवारी गावच्या सभेत ऑरेलिओमामा सही करणार होते. मामा गावचे प्रमुख. आणि ओस्मानचे बाबा!

"ओस्मान, हा आवाज कधीपासून येतोय रे?" नोल्वियाने अचानक विचारलं.

"झाले की पंधरा दिवस."

"आणि ते हॉटेलचे मोजणीवाले जमीन मोजायला कधी आले होते?"

ओस्मानचं तोंड उघडंच राहिलं. "पंधरा दिवसांपूर्वी! च्यायला!"

"मग भुतांना काय मोजणीवाल्यांनी बोटीतून आणलं? चल, मार वल्हं!"

किनाऱ्याला लागल्यावर मात्र तीही जपून पावलं टाकायला लागली. रानात एक पक्षी बोलत नव्हता. वाळूत लाल फडकी बांधलेले खुंट रोवलेले होते. आवाज जवळ येत गेला तसा तो कानात नाही, पोटात घुमायला लागला. दुनिया दर चार पावलांनी मागे वळून बघत होती.

"आपण तिघंच आहोत ना गं?" ती कुजबुजली.

"तिघंच."

"मग मला जास्त पावलं का ऐकू येतात?"

नोल्वियाने तिचा हात धरला आणि चाल वाढवली.

रान संपलं. याच्यापुढे ती आजवर कधीच आली नव्हती. समोर निळ्या ताडपत्रीचा एक ढीग दिसला. ताडपत्रीचं एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं आणि कण्हणं त्याच्याच खालून येत होतं! ओस्मानने डोळे मिटून टोक धरलं आणि जोरात ओढलं.

शंख! माणसाच्या उंचीचा शंखांचा ढीग! उन्हापावसाने पांढरेफटक पडलेले मोठाले शंख, प्रत्येकाच्या शेंड्याला मांस काढायला पाडलेलं भोक. वारा त्या भोकांतून शिरत होता आणि ढीग घुमत होता.

"हात्तिच्या!" ओस्मान मटकन खाली बसला आणि हसत सुटला. "शंखांना घाबरलं अख्खं गाव!"

नोल्विया हसली नाही. तिने उचललेल्या शंखाच्या गुळगुळीत ओठावर खिळ्याने काहीतरी कोरलेलं होतं. तिने बोटाने वाळू पुसली. *एउसेबिया. वय बारा.*

बारा. नोल्वियाएवढी.

तिने दुसरा उचलला. *दामासो.* तिसरा. *बाळ.* पाचोळा बाजूला सारला तर खाली घट्ट वाळूत शंख उपटल्याच्या खळग्या होत्या. खळग्यांच्या लांबट चौकटी, एकीशेजारी एक, रांगेने. काही चौकटी अगदी लहान होत्या.

"ओस्मान," ती हळूच म्हणाली, "उठ. तू कोणाच्या तरी अंगावर बसलायस."

सातुर्निना आजी गावात सगळ्यांत म्हातारी. तिघं तिच्या अंगणात धापा टाकत पोचली तेव्हा ती कसावाच्या कंदाची भाकरी उलटत होती. नोल्वियाने शंख पुढे धरला. आजीला वाचता येत नव्हतं, पण तिने कोरलेल्या अक्षरांवर अंगठा फिरवला आणि भाकरी करपेपर्यंत ती हलली नाही.

"हे माझ्या बापाने कोरलं," शेवटी ती म्हणाली. "तापाची साथ आली होती पोरी. तेव्हा आपलं गाव पलीकडेच होतं. एक्केचाळीस माणसं गेली. उरलेल्यांनी घरं जाळली आणि खाडी ओलांडली. आई म्हणाली, मागे बघायचं नाही, नावं घ्यायची नाहीत, नाहीतर ताप मागे येईल. एउसेबिया माझी थोरली बहीण. सत्तर वर्षांत मी तिचं नाव घेतलं नाही."

"पण आजी, तू सभेत सांगितलं का नाहीस?"

"मला कोणी विचारलंच नाही गं."

तिघं मामांकडे धावली, पण मामांनी ऐकून घेतलं नाही. "थडगी? कागदावर स्पष्ट लिहिलंय: मोकळी जमीन, घर नाही, विहीर नाही, थडगं नाही. मोजणीच्या इंजिनिअरसाहेबांनी स्वतः पाहिलंय!"

"आणि तुम्ही?" नोल्वियाने विचारलं.

"मला वेळ आहे का? चला, पळा इथून!"

"फुकट गेलं सगळं!" बाहेर आल्यावर नोल्विया डोळे पुसत म्हणाली. "उद्या साहेबाची माणसं ढीग समुद्रात लोटून देतील."

ओस्मान मात्र गालात हसत होता. "नोल्वे, माझ्या बाबांना जगात सगळ्यांत जास्त काय आवडतं?"

"फोटो!"

"मग झालं तर!" तो परत आत गेला आणि साळसूद चेहरा करून म्हणाला, "बाबा, सही इथल्या अंधाऱ्या खोलीत कशाला? तिकडे जमिनीवरच करा ना! मागे समुद्र, शेजारी साहेब, सगळा गाव. पेपरात काय झकास दिसेल!"

मामांनी आरशात मिशी निरखली. "कल्पना वाईट नाही हं!"

शनिवारचा सगळा दिवस तिघं रानात राबली. एकेक शंख उचलायचा, खळगीत बसवायचा, पुढचा आणायचा. बोटं सोलली. कोणता शंख कोणाचा हे कसं कळणार? पण दुनिया भीती विसरून ढिगाजवळ बसायची, शंख कानाला लावायची आणि म्हणायची, "हा तिकडचा." तिला विचारायचं धाडस दोघांनाही झालं नाही. ढीग जसजसा उतरला तसतसं कण्हणं विरत गेलं. शेवटचा शंख बसला तेव्हा वारा होता, पण आवाज नव्हता.

रविवारी होड्या भरभरून माणसं आली. इंजिनिअरसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांत पुढे. रान ओलांडलं आणि त्यांचं पाऊल जागच्या जागी थांबलं.

उन्हात एक्केचाळीस थडगी लखलखत होती.

"हे... हे इथे नव्हतं!" साहेब ओरडले. "मी स्वतः उचलायला लावले होते सगळे—"

पुढचा शब्द त्यांनी गिळला, पण उशीर झाला होता.

"उचलायला लावले होते?" मामांनी हळूच विचारलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

साहेब दोन पावलं मागे सरकले. मग गर्दीतून सातुर्निना आजी निघाली. काठी टेकत ती तिसऱ्या रांगेत गेली, एका चौकटीपाशी वाकली आणि तिने हाक मारली, "एउसेबिया!" एवढ्या मोठ्याने की रानातले बगळे उडाले.

मामांनी डोक्यावरची हॅट काढली. कागदाचे दोन, चार, आठ तुकडे केले. "पाय न ठेवता विकत होतो मी हे," ते म्हणाले. "पोरांनो, आज तुम्ही माझी लाज राखलीत. इथली वाळूसुद्धा विकायची नाही, साहेब. होडी तिकडे आहे."

कोणीतरी ढोल आणायला धावलं. बायकांनी ओस्मानचे गाल ओढले, दुनियाला खांद्यावर घेतलं. आजीने मात्र नोल्वियाला जवळ बसवलं. "माझी लेक शोभतेस! तुला लिहिता येतं ना? मी नावं घेते, तू लिही. आता भ्यायचं नाही."

आजी एकेका थडग्यापाशी थांबत सांगत गेली: कोण गाणं म्हणायचा, कोणाला समुद्राची भीती वाटायची, कोणाचं लग्न ठरलं होतं. नोल्वियाच्या वहीत चाळीस नावं झाली. शेवटच्या थडग्याच्या एकाही शंखावर काही कोरलेलं नव्हतं. आजीने त्यावर हात ठेवला, डोळे मिटले, खूप वेळ आठवलं. तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं.

"नाही आठवत गं पोरी."

"मग काय लिहू, आजी?"

"काही लिहू नकोस. ओळ मोकळी ठेव. त्याची आहे ती."

नोल्वियाने एक्केचाळीस आकडा घातला आणि त्याच्यापुढची ओळ तशीच सोडून दिली.