आपणहून घेतलेला आळ

"मी मारलं तिला. तिच्या पाठीवरचे वळ माझ्या हातचे आहेत!" आत्याने एका दमात सांगून टाकलं आणि समोर बसलेल्या समाजसेविकेच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. खोटं बोलताना नजर चुकवायची नसते, एवढंच तिला ठाऊक होतं. बाकी खोटेपणाच्या बाबतीत बिचारीचा सगळा आनंदच होता.

भाऊ पाठ करून खिडकीशी उभा होता. वहिनी पलंगाच्या कडेला बसून आपल्याच बोटांकडे बघत होती... त्याच बोटांनी पट्टा धरला होता! पोटातलं बाळ गेलं आणि वहिनी पहिली राहिलीच नाही. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि मग दूध सांडल्याचं निमित्त होऊन सगळा उद्रेक लेकीच्या, ठकूच्या कोवळ्या पाठीवर व्हायचा. शाळेतल्या बाईंनी वळ पाहिले, कळवलं, आणि आज ही समाजसेविका दारात येऊन उभी राहिली. ठकू घरात राहणार की बालगृहात जाणार, हे हिच्या शब्दावर ठरणार होतं. आईने मारलं म्हटलं तर लेक जाईल, आणि लेक गेली की वहिनीही जगणार नाही... पण आत्याने मारलं म्हटलं तर फक्त आत्या जाईल! तिच्या मागेपुढे होतंच कोण? शिवणयंत्र उचललं की ती निघाली.

समाजसेविका चांगली पोक्त बाई होती. आल्या आल्या तिने प्रश्नांची सरबत्ती केली नाही. प्यायला पाणी मागितलं, टेबलावरच्या अर्धवट शिवलेल्या फ्रॉकचं कौतुक केलं, आणि मग अशी गप्प बसली की जणू गप्प बसण्याचाच पगार घेत असावी! त्या शांततेनेच आत्याच्या तोंडून ते वाक्य ओढून काढलं होतं.

"का मारलंत?" तिने हळूच विचारलं.

"राग आला म्हणून."

"कशाचा?"

काय सांगावं? त्या पोरीचा राग यायला कारण तरी कुठून आणावं?

"ताई, मारणारा माणूस आधी पोराच्या खोड्या सांगतो," समाजसेविका म्हणाली. "'ऐकतच नाही, उलट बोलते...' तुम्ही मात्र ठकूविषयी एक वाकडा शब्द काढला नाहीत." मग ती सगळ्यांकडे वळली. "एक करा. रोज जेवायला बसता ना, तसे बसा बघू."

सगळे अवघडून टेबलाशी बसले. दाराआडून ठकू आली, आईच्या खुर्चीला लांबून वळसा घालून गेली आणि सवयीने आत्याच्या कुशीत शिरली.

समाजसेविकेच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. ते पाहून आत्याला वाटलं, बिंग फुटलं! ही पोर असं बिलगून आपल्या आईला उघडी पाडतेय!

"ठकू, बाळा, भीती वाटली की तू कुणाकडे जातेस गं?"

ठकूने मान वर केली, ओठ उघडले... आणि आत्याने तिला दूर लोटून खाडकन तिच्या थोबाडीत मारली!

ठकू रडली नाही. नुसती बघत राहिली... आपलं काय चुकलं, ते आत्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिली. आत्याचा हात जळत होता.

"पुरे, वन्सं, पुरे!" वहिनी धावत येऊन तिच्या पायांशी कोसळली. "मी मारते तिला! मला कळत नाही मी काय करते ते... आणि तुम्हाला मी घरावरचं ओझं म्हणत होते हो! माझं पाप का घेतलंत?"

आत्याने तिला उठवून छातीशी धरलं. इतक्या वर्षांत या दोघींनी एकमेकींना असं धरलं नव्हतं.

समाजसेविकेने डोळे पुसले. "घाई केलीत, ताई. मी मूल न्यायला आले नव्हते. या घरात मुलीला आधार कुणाचा, ते बघायला आले होते. तो मला सापडला होता... तुम्ही! वहिनींचे उपचार होईपर्यंत तुमच्या भरवशावर मी ठकूला इथेच ठेवणार होते."

"मग ठेवा ना! तो हात खोटा होता!" आत्या कळवळली.

"हात खोटा असेल, पण तिला लागलं ते खरं होतं. आता ती कुणाकडे धावेल, सांगा."

"मी आहे ना," भाऊ पहिल्यांदाच बोलला.

"इतके दिवस कुठे होतात?"

त्याने पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं.

"सध्या तिला माझ्याबरोबर नेते. वहिनी बऱ्या होईपर्यंत. पुढचं आज सांगता येत नाही."

कपड्यांची पिशवी वहिनीने भरली. ठकूच्या फ्रॉकची बटणं लावायला आत्या पुढे झाली, तशी ठकूने झटकन दोन्ही हात गालावर घेतले.

"नाही मारणार गं, राणी... कधीच नाही मारणार!" आत्या गुडघ्यांवर बसून म्हणाली.

ठकूने मान हलवली. मोठ्यांचं ऐकायचं असतं, म्हणून. मग आईला आणि आत्याला लांबून वळसा घालून ती दाराशी गेली, आणि त्या परक्या बाईचं बोट तिने आपणहून घट्ट धरलं.