आडव्या काड्यांची वाटी

दक्षिण समुद्रातल्या त्या जपानी आरमारी तळावर झुंजुमुंजू होत होते. माडांच्या शेंड्यांवर उजेड उतरत होता आणि रांगेने उभ्या लढाऊ विमानांच्या पंखांवरचे दव ओघळून वाळूत जिरत होते. रांगेतली एक जागा मात्र रिकामी होती.

ती जागा कियोहाराची. मागच्या लढाईत गोळी लागून त्याच्या विमानाची तेलाची नळी फुटली आणि त्याने ते गनिमाच्या मुलखातल्या एका बेटालगत, उथळ पाण्यात उतरवले. फर्मान कडक होते: असे विमान साबूत गनिमाच्या हाती पडता कामा नये, आत आपला माणूस असला तरी सोबत्याने वरून गोळ्या घालून ते जाळावे. सोबती होता हिसामात्सु, कियोहाराच्याच गावचा, त्याच्याबरोबर वाढलेला. परतून त्याने वर्दी दिली, "विमान जळाले. कियोहारा धारातीर्थी पडला."

त्या पहाटे तळप्रमुख ओतागुरो भोजनगृहात आले आणि थबकले. कियोहाराच्या जागी भाताची वाटी मांडली होती आणि तिच्यावर जेवणाच्या काड्या आडव्या ठेवल्या होत्या. त्यांच्या देशी मेलेल्याच्या भातात काड्या उभ्या रोवतात. आडव्या ठेवतात त्या परगावी गेलेल्या जिवंत माणसासाठी.

"ही वाटी कोणी मांडली?"

"मी, सेनानी," हिसामात्सु म्हणाला.

"मग ते विमान जळालेले नाही."

वेड्याने जिभेला खोटे शिकवले, हाताला शिकवायचे राहूनच गेले! तो गुडघ्यांवर बसला.

"दोनदा झेपावलो, सेनानी. तो जखमी होऊन आत अडकला होता आणि 'मार' म्हणून खुणावत होता. माझ्याने कळ दाबवली नाही. मला शिक्षा व्हावी."

ओतागुरोंनी त्याला हाताला धरून उठवले. मग म्हणाले, "शिक्षा मागू नका. जा, राहिलेली कामगिरी पुरी करून या. त्या विमानाचे मर्म गनिमाला कळले, तर इथे जेवायला कोणी उरणार नाही."

हिसामात्सु एकटाच निघाला. गनिमाच्या तोफा चुकवत तो बेटावर पोहोचला तेव्हा ओहोटी लागली होती आणि पाण्याचा तळ स्वच्छ दिसत होता. विमान नव्हते. वाळूत ते ओढून नेल्याच्या खुणा होत्या, आणि किनाऱ्यावर मातीचा ताजा उंचवटा. त्यावरच्या लाकडी क्रुसाला वैमानिकाची टोपी अडकवलेली होती. गनिमानेच कियोहाराला मूठमाती दिली होती.

दुसऱ्या पहाटे हिसामात्सुने पुन्हा वाटी मांडली, भातात काड्या उभ्या रोवल्या आणि मग तो ढसाढसा रडला. ओतागुरो त्याच्या शेजारी नुसते बसून राहिले.

गनिमाने ते विमान दुरुस्त करून उडवून पाहिले. वेगाने खाली झेपावताना ते उजवीकडे वळायला जड जाते, हे त्याने हेरले. पुढच्या प्रत्येक लढाईत त्याची विमाने नेमकी तिकडेच निसटू लागली आणि उलटून मारू लागली. सोबती एकेक करून गेले. त्यांच्या वाट्या मांडणे हिसामात्सुच्या नशिबी आले. अखेर भोजनगृहात जेवणारे तो आणि ओतागुरो दोघेच उरले, आणि बाकीच्या साऱ्या वाट्यांत काड्या उभ्या होत्या.